राग सांगता यावा म्हणून

आपल्या भाषेत रागाला किती नावे आहेत, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. मूल चिडते, रागावते, संतापते, तणतणते. फुरंगटते, रुसते, फुगून बसते, हिरमुसते, कुढते, धुमसते. आदळआपट करते, त्रागा करते, थयथयाट करते. मुलांविषयी बोलताना आपण थोर मंडळी हे शब्द किती सहजपणे वापरतो! परंतु ज्याला राग आलेला आहे, त्या तीन-चार वर्षांच्या जीवाच्या स्वतःच्या ओठांवर त्यांपैकी किती असतात? बहुधा एकही नसतो. त्याच्याजवळ असतात हात, पाय, दात आणि गळा. आणि जे जवळ असते तेच तो वापरतो.

गावोगावच्या घरांत या रागाचा बंदोबस्त दोन रीतींनी होताना आम्ही पाहतो. एक रीत अशी, की मूल जमिनीवर लोळू लागले की हवी ती वस्तू त्याच्या हाती ठेवून मोकळे व्हावे. दुसरी अशी, की पाठीत एक धपाटा घालावा आणि ‘आवाज बंद’ म्हणून दरडावावे. वरवर पाहता या रीती परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. परंतु दोहोंचा हेतू एकच, घरात शांतता व्हावी. मुलाला नेमके काय सांगायचे होते, हा प्रश्न दोन्हींत कोणी विचारीत नाही. पहिल्या रीतीने मूल ओरडण्याचा उपयोग शिकते, दुसऱ्या रीतीने गप्प बसण्याचा. न ओरडता आणि गप्पही न बसता, ‘मला राग आलाय, माझा भोवरा तू न विचारता घेतलास, तो परत दे,’ इतके सरळ उभे राहून सांगणे ही तिसरी गोष्ट आहे, आणि ती आपोआप येत नाही. अक्षरे गिरवून शिकावी लागतात, तशी हीही शिकावी लागते. ती मुलांना कशी येते, आणि आपल्या घरांत तिच्या वाटेत काय आडवे पडते, यांविषयी आज आमच्या वाचक मातापित्यांशी थोडे विस्ताराने बोलावे असा आमचा मानस आहे.

या विषयावरचा एक जुना अभ्यास आजही ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ या विदुषी बालमानसशास्त्राचे काम करीत असत. लहान मुलांच्या रागावरचा त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. मुलांना प्रयोगशाळेत आणून मुद्दाम चिडवावे, असे त्यांनी केले नाही. त्यांनी चाळीसहून अधिक मुलांच्या घरीच नोंदीचे कागद दिले आणि आयांना लिहावयास सांगितले : मूल केव्हा चिडले, कोठे, कशावरून, किती वेळ, त्याने काय केले आणि आपण काय केले. अशा रीतीने अठराशेहून अधिक प्रसंगांची नोंद जमली. स्वयंपाक, धुणे, धाकट्याचे पाळणे सांभाळून त्या आयांनी हे लिहिले, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. शास्त्राला अशी मदत करणाऱ्या स्त्रियांची नावे ग्रंथांच्या मुखपृष्ठावर येत नाहीत, एवढेच.

त्या नोंदींतून प्रथम नजरेत भरले ते घड्याळ. रागाचे प्रसंग दिवसभर सारखे विखुरलेले नव्हते. ते जेवणापूर्वीच्या वेळी आणि रात्री झोपण्यापूर्वीच्या वेळी दाटलेले होते. म्हणजे भूक आणि शीण या दोन गोष्टी मुलाच्या स्वभावाइतक्याच, कदाचित अधिकच, कारणीभूत होत्या. सर्दी झालेली असली, पोट साफ नसले, रात्री झोप नीट झालेली नसली, की त्या दिवशी मूल अधिक चिडे. घरी पाहुणे आले की प्रसंग वाढत. आणि ज्या घरांत मोठी माणसे अधिक, त्या घरांतही ते अधिक आढळले. ही शेवटची गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. आजी म्हणते ‘खा’, काकू म्हणते ‘जेवणाआधी नको’, बाबा म्हणतात ‘बाहेर जा’, आजोबा म्हणतात ‘उन्हात पाऊल टाकशील तर बघ’. चार प्रेमळ माणसांच्या चार आज्ञांमध्ये उभे राहिलेले मूल शेवटी पाय आपटते, यात नवल ते काय?

गावच्या सणाचा दिवस घ्या. पहाटे उठवून मुलाला न्हाऊ घातलेले. पायात नवे आणि म्हणून चावणारे बूट. मिस्साच्या वेळी दीड तास न हलता बसलेले. मग घरी पाहुण्यांची रीघ, प्रत्येकाने गालगुच्चा घेतलेला, ‘गाणं म्हणून दाखव’ असा प्रत्येकाचा आग्रह, आणि पाने वाढायला दोन वाजलेले. अशा वेळी आतेभावाने त्याच्या हातातला फुगा फोडला आणि त्याने सारे घर डोक्यावर घेतले, तर ‘चारचौघांत लाज आणलीस’ म्हणून त्याला बोल लावणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. गुडइनफबाईंच्या नोंदींतील बहुतेक सारी कारणे त्या एका दुपारी त्याच्यावर एकदम चालून आलेली असतात. अकरा वाजता त्याला कोपऱ्यात बसवून एक केळे आणि चार घास भात दिला असता, तर निम्मा प्रसंग टळला असता. रागाचे शिक्षण देण्यापूर्वी पोटाकडे आणि झोपेकडे पाहावे, हे इतके साधे आहे की विद्वानांनी सांगेपर्यंत त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मात्र इतका साधा नाही, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. रागाचे उद्रेक दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सर्वांत अधिक असतात आणि पुढे उतरत जातात. लाथा झाडणे, किंचाळणे, अंग टाकून देणे कमी होत जाते. हे ऐकून आईबापांना हायसे वाटेल. परंतु त्याच वेळी कुरकुर, रुसवा, आणि प्रसंग संपल्यानंतरही मनात धरून ठेवलेली अढी वाढत जाते, असेही त्या नोंदी दाखवितात. म्हणजे पाच वर्षांचे मूल लोळत नाही, याचा अर्थ त्याला राग येईनासा झाला असा नव्हे. तो आत गेला. आपण म्हणतो, ‘आता शहाणा झाला हो आमचा बाळ!’ तो शहाणा झाला आहे की नुसता दबला आहे, हे कसे ओळखावे? आमची कसोटी एवढीच : आपल्याला काय खुपले ते तो येऊन सांगतो का? सांगत असेल, तर तो शिकला. सांगत नसेल आणि नुसताच भिंतीकडे तोंड करून बसत असेल, तर त्याचे शिक्षण व्हायचेच आहे.

कॅनडातील माँट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांचा लहानपणापासून अनेक वर्षे मागोवा घेऊन दाखविले, की ढकलणे, चावणे, मारणे या गोष्टी मनुष्याच्या आयुष्यात दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वाधिक घडतात आणि बहुतेक मुलांत त्यानंतर कमी होत जातात. मूल मारायला बाहेरून शिकून येते, ही समजूत त्यामुळे उलटी झाली. शेजारच्या मुलाच्या संगतीने आपला मुलगा बिघडला, असे म्हणणाऱ्या आयांना हे रुचणार नाही. पण हात उगारणे कोणालाच शिकवावे लागत नाही. न उगारणे शिकवावे लागते, आणि उगारलेला हात खाली आणायचा तर त्याच्या जागी दुसरे काही तरी द्यावे लागते.

ते दुसरे काही म्हणजे शब्द. परंतु शब्द केव्हा द्यावेत, याचीही वेळ असते. मूल ऐन भरात किंचाळत असताना दिलेला उपदेश वाया जातो. मायकेल पोटेगल व रिचर्ड डेव्हिडसन या अमेरिकन संशोधकांनी २००३ साली अशा उद्रेकांचे टप्पे तपासले. राग बहुधा आरंभीच उसळतो आणि ओसरतो. दुःख मात्र आरंभापासून शेवटपर्यंत असते, आणि राग ओसरला की तेच उरते. लाथा थांबतात, हुंदके राहतात, आणि मूल हात पसरून जवळ येऊ पाहते. बहुतेक उद्रेक पाच मिनिटांच्या आत संपतात. त्या मिनिटांत आपण जवळ असावे, कोणाला इजा होणार नाही इतके पाहावे, आणि थोडके बोलावे. मूल जवळ येऊ लागले की त्याला दूर ढकलून ‘आता कशाला येतोस?’ असे म्हणू नये. शिकवण्याची संधी त्याच क्षणी उघडते, आणि ती आपण त्याच क्षणी बंद करून टाकतो.

शब्दांचा खरोखरच इतका उपयोग होतो काय? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पामेला कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण व निमग्रामीण घरांतील १२० मुलांना दीड वर्षाच्या वयापासून चार वर्षांचे होईपर्यंत वेळोवेळी पाहिले. २०१३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक प्रसंग असा योजलेला होता : मुलासमोर कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवायची, आईच्या हाती काम द्यायचे, आणि आईचे काम संपेपर्यंत भेट उघडायची नाही असे सांगायचे. वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी मूल आहे त्यांना सांगावयास नको. ज्या मुलांची भाषा लवकर आणि चांगली वाढली होती, ती चार वर्षांची झाल्यावर अशा प्रसंगी कमी चिडली. ती काय करीत? ‘आई, झालं का तुझं?’ असे शांतपणे विचारीत, किंवा स्वतःला दुसऱ्या कशात तरी रमवीत. भाषा हे त्यांच्या हातातले हत्यार होते म्हणा, किंवा काठी म्हणा, आधाराची काठी. मुलाशी दिवसभर बोलत राहणाऱ्या, चुलीशी बसून त्याला ‘बघ, भाकरी फुगली’ सांगत राहणाऱ्या आजीचे त्या घरावर किती उपकार असतात, हे अशा वेळी कळते. मोबाइल हाती देऊन मुलाला गप्प केले, तर ते गप्प बसते खरे; पण शब्द तेथेच खुंटतात.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. धाकटा रडत येतो, ‘दादानं माझा भोवरा घेतला!’ आपण तेथूनच ओरडतो, ‘अरे, दे रे त्याचा त्याला!’ न्याय झाला. पण धाकटा त्यातून एवढेच शिकला की रडत आईकडे गेले म्हणजे वस्तू मिळते. याऐवजी असे होऊ शकते :

‘दादाला सांगितलंस का?’

‘तो देत नाही.’

‘काय सांगितलंस त्याला?’

‘मी त्याला चावलो.’

‘चावून कसं कळणार त्याला? चल, मी येते बरोबर. हात खाली. त्याच्याकडे बघ. आता सांग काय झालं ते.’

‘दादा, भोवरा माझा आहे. तू विचारलं नाहीस. मला राग आला. दे.’

वाचकांस वाटेल, हे फार सोपे आहे. सोपे नाही, कारण यापुढचा भाग आपला आहे. दादाने भोवरा दिला पाहिजे. त्याच्या मागे आई उभी आहे ती त्यासाठीच. मुलाने प्रथमच दात न वापरता शब्द वापरले, आणि तरी काहीच घडले नाही, तर शब्दांवरचा त्याचा विश्वास उडतो आणि पुढच्या खेपेस तो पुन्हा चावतो. त्याच्या बाजूने पाहिले तर तेच शहाणपणाचे ठरते. आरंभीच्या काळात मुलाचा शब्द वाया जाऊ न देणे, हे आईबापांचे मुख्य काम आहे असे आम्ही समजतो. वाक्ये तयार करून देणे त्यामानाने सोपे. ‘मला आवडलं नाही’, ‘थांब’, ‘माझी पाळी आहे’, ‘ढकलू नकोस’ एवढी चार-पाच वाक्ये तीन वर्षांच्या मुलाला पुरतात. खेळात बाहुलीच्या तोंडी घालून ती शिकवावीत. रागाच्या वेळी नवी वाक्ये कोणालाच सुचत नाहीत, मोठ्यांनाही नाही. बेळगावकडे किंवा गोव्यात कित्येक मुले घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरी. त्यांना ही वाक्ये दोन्ही भाषांत हवीत. घरचे ‘थांब’ शाळेतल्या सोबत्याला कळले नाही, तर तेथे पुन्हा हातच पुढे होतो आणि गुरुजींकडून मुलाच्या नावे तक्रार येते.

मागितलेली प्रत्येक गोष्ट मुलाला द्यावी, असा मात्र याचा अर्थ नाही. ‘मला अजून खेळायचंय, मला राग आलाय’ असे त्याने नीट सांगितले, तरी अंधार पडल्यावर विहिरीकडे खेळू देता येत नाही. तेथे उत्तर द्यावे : ‘तुला राग आला हे कळलं मला. तू छान सांगितलंस. पण आता अंधार झाला, घरी यायचं. उद्या शाळेतून आल्यावर जा.’ मागणी नाकारली गेली, पण शब्द ऐकला गेला. हा फरक मुलांना कळतो. आणि उद्याचे वचन उद्या पाळले पाहिजे. गुडइनफबाईंच्या नोंदींतही हेच दिसले, की एकाच गोष्टीला आज मार आणि उद्या लाड अशी धरसोड जेथे होती, तेथे राग अधिक होता; शांत आणि एकवचनी आईबापांच्या घरी तो कमी होता.

येथे आपल्याकडील एका लाडक्या वाक्याविषयी आम्हांस बोलले पाहिजे : ‘तू मोठा ना? मग दे त्याला.’ सहा वर्षांच्या मुलाने स्वतः चिंचोके गोळा करावेत, घासून गुळगुळीत करावेत, आणि तीन वर्षांच्या भावाने रडताच ते त्याच्या हवाली करावेत, कारण काय, तर तो मोठा! त्याने ‘हे माझे आहेत’ असे सांगितले तर तो आपमतलबी ठरतो. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट आहे. धाकट्याला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या ताईला राग येण्याची मुभाच नसते. मुलीच्या जातीला राग शोभत नाही, असे तिला आई, मावशी, आजी तिघीही सांगतात. अशी ताई कधी ओरडत नाही. ती धाकट्याला कोणी पाहत नसताना हळूच चिमटा काढते. त्या चिमट्यासाठी तिला शिक्षा करण्यापूर्वी, गेल्या महिन्याभरात तिचे एक तरी ‘नको’ आपण ऐकून घेतले का, हे मनाशी पाहावे.

यात फक्त भोवऱ्याचा आणि चिंचोक्यांचाच प्रश्न असता, तर आम्ही इतके लिहिलेही नसते. ज्या मुलाला मोठ्या माणसासमोर ‘मला हे आवडत नाही, हात लावू नका’ म्हणण्याची सवयच नाही, ते मूल वाईट हेतूच्या माणसासमोरही गप्पच राहते. आणि असा माणूस पुष्कळदा ओळखीचा, घरात ये-जा असणारा असतो. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्या देशात २०१२ साली ‘पॉक्सो’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. कायदा गुन्हा कळल्यावर धावून येतो. तो कळण्यासाठी मुलाने सांगावे लागते. पाहुण्या काकांनी ओढून मांडीवर बसवले आणि मुलगी अंग चोरून ‘नको’ म्हणाली, तर ‘अगं, काका आहेत ते, असं करू नये’ म्हणून तिला पुन्हा मांडीवर बसवणारी आई त्या क्षणी मुलीला काय शिकवते, याचा विचार व्हावा. काका सज्जनच असतील. पण मुलीच्या ‘नको’ला किंमत नाही हे ती शिकली. ‘तिला नको आहे, राहू द्या; ती हात जोडून नमस्कार करील,’ एवढे म्हटल्याने कोणाही सज्जनाचा अपमान होत नाही.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हांस ऐकू येतो : म्हणजे मुलांनी उलट उत्तरे द्यावीत की काय? थोरांचा मान कोठे राहिला? हा आक्षेप हलका नाही. प्रत्येक समाज मुलाच्या रागाला आपापल्या रीतीने वळण लावतो. याच पामेला कोल यांनी नेपाळी सहकाऱ्यांबरोबर नेपाळमधील खेड्यांत पाहणी केली होती, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. तामांग लोकांच्या गावी थोर मंडळी रागावलेल्या मुलाला दटावीत, पण लाजून खाली पाहणाऱ्या मुलाला जवळ घेऊन समजावीत. ब्राह्मणांच्या गावी रागावलेल्या मुलाची समजूत काढीत आणि लाजणाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करीत. एकाच देशात, शेजारशेजारच्या लोकांत इतका फरक! आपल्या शेजारी गुजरातेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच ते नऊ वर्षांच्या आतील मुलांनी सांगितले, की अंगाला लागले तर ते आपण दाखवतो, पण राग आणि दुःख त्यापेक्षा अधिक लपवतो. आपली मुले परदेशी मुलांसारखी बोलावीत, असा आमचा आग्रह नाही. आजोबांना ‘अहो’ म्हणूनच सांगावे, आवाज खाली ठेवूनच सांगावे, पण सांगावे. ‘आजोबा, तुम्ही माझं चित्र पुडी बांधायला घेतलंत, मला वाईट वाटलं,’ हे उलट उत्तर नव्हे. उलट उत्तरात समोरच्याला लागावे हा हेतू असतो. येथे समोरच्याला कळावे एवढाच आहे. नातवाने असे सांगितल्यावर ‘चुकलं बाबा माझं’ म्हणणाऱ्या आजोबांचा मान कमी झालेला आम्ही तरी कोठे पाहिला नाही.

दर वर्षी गुड फ्रायडेच्या दिवशी योहानच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तान्त आपण ऐकतो. प्रमुख याजकासमोर बांधून उभ्या केलेल्या प्रभू येशूला तेथील एक सेवक चपराक मारतो. प्रभू उलट हात उचलत नाही. पण मुकाही राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि योग्य बोललो असेन तर मला मारण्याचे कारण काय, अशा आशयाचा प्रश्न तो त्या मारणाऱ्याला विचारतो. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण ज्याने दिली, त्यानेच हा प्रश्न विचारला. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना पहिली गोष्ट नेहमी सांगितली जाते. ही दुसरी क्वचितच. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच राग हा मनाचा एक विकार म्हणून तपासला, आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही असेच म्हटले आहे, की मनोविकार स्वतः होऊन चांगले वा वाईट नसतात. मनुष्य त्यांचे काय करतो यावर ते ठरते. तेव्हा पहिल्या पापनिवेदनाला निघालेल्या आठ वर्षांच्या मुलीने ‘मला राग आला’ एवढेच पाप म्हणून पाठ केले असेल, तर तिला जरा जवळ बसवून विचारावे : राग आल्यावर तू काय केलंस? कोणाला मारलंस? कोणाला लागेल असं बोललीस? की नुसताच राग आला?

एवढे सारे करूनही मुले शेवटी आपल्याकडे पाहूनच शिकतात. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालकमंदिरात अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने आणि ठोशांनी बडवले, तोंडाने काही शब्दही उच्चारले. काहींसमोर मोठे माणूस शांतपणे दुसरा खेळ खेळत राहिले. नंतर सर्व मुलांना सुंदर खेळणी दाखवून लगेच काढून घेतली, म्हणजे त्यांना चिडवले, आणि बाहुल्याजवळ नेले. पहिल्या मुलांपैकी पुष्कळांनी मोठ्या माणसाचेच ठोसे आणि त्याचेच शब्द हुबेहूब वापरले. हातोडी आपल्या घरी नसते. पण वरणात मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवणारे वडील असतात, आणि रागाने भांडी आपटत एक अक्षर न बोलणारी आई असते. मूल दोन्ही धडे घेते. वडिलांनी ‘आज शेतावर पंप बंद पडला, मला त्याचा राग आलाय, तुमचा नाही, जरा वेळ बसू द्या मला,’ असे एकदा मोठ्याने म्हटले, तर मुलांच्या कानावर या महिन्यातले सर्वांत उपयोगी वाक्य पडले असे समजावे.

पाच वर्षे उलटल्यावरही मूल रोज दीर्घकाळ थयथयाट करीत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, किंवा बोलण्यातच मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. कान तपासून घ्यावेत. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला रागाचे कारण दिवसातून शंभर वेळा मिळते.

ज्यांना आपल्या घरी हे करून पाहावेसे वाटेल, त्यांनी गुडइनफबाईंच्या त्या आयांप्रमाणे एक आठवडा नोंद ठेवावी. शाळेची जुनी वही पुरे. राग आला तेव्हा वाजले किती होते, त्याआधी मुलाने खाल्ले केव्हा होते, जवळ कोण होते, मुलाने तोंडाने काय म्हटले, आणि त्याच्या म्हणण्यावर आपण काय केले, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह होईल, तो भरावा. रविवारी जेवणे आटोपल्यावर नवराबायकोंनी ती वही एकत्र बसून वाचावी. आजी वाचत नसेल तर तिला वाचून दाखवावी. संध्याकाळी सात वाजता मूल का किरकिरते, हे बहुधा तिला वहीवाचूनच ठाऊक असते.